दुःखात देवाच्या चांगुलपणावर भरवसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न उपासना चालू असताना कोणी विचारत नाही. ते आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर विचारले जातात, कबरस्तानातून परतताना रिक्षात विचारले जातात, किंवा रात्री उशिरा फोनवर, "पास्टरांना सांगू नका" असं आधी बजावून. विचारणारी बहुतेक माणसं वर्षानुवर्षं मंडळीत असलेली, संडे स्कूलमध्ये वचनं पाठ केलेली असतात. त्यांचा विश्वास गेलेला नसतो, पण तो दुखावलेला असतो. त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. वचनांचे संदर्भ दिले आहेत. शक्य असेल तर नुसती ओळ न वाचता तो अख्खा अध्याय वाचा.

देव चांगला आहे, तर हे माझ्याच घरात का घडलं?

याचं कारण मी तुम्हाला सांगू शकत नाही, आणि जो कोणी छातीठोकपणे सांगतो त्याच्यापासून थोडं लांब राहा असंच मी म्हणेन. "देवाला स्वर्गात फूल हवं होतं", "यातून तुला काहीतरी शिकवायचं होतं", "पुढचं मोठं संकट टळलं" ही वाक्यं चांगल्या मनाने बोलली जातात. तरी ती माणसांची वाक्यं आहेत. ती नाकारलीत म्हणून तुम्ही देवाला नाकारलं असं होत नाही.

ईयोबाच्या पुस्तकात ४२ अध्याय आहेत. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय चाललंय ते वाचणाऱ्याला कळतं, पण ईयोबाला ते शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. त्याची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड उठले, आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवत राहिला. त्याचे मित्र पानंच्या पानं कारणं देतात. अखेर ३८व्या अध्यायात परमेश्वर वावटळीतून बोलतो, तेव्हा तोही कारण देत नाही. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, रानबकऱ्या कधी वितात हे तुला ठाऊक आहे का, असे प्रश्न तो विचारतो. पहिल्यांदा वाचताना हे फार कठोर वाटतं. पण ईयोबाची मागणी आठवा. त्याला देवासमोर उभं राहायचं होतं, देवाने आपल्याशी बोलावं एवढंच त्याला हवं होतं, आणि ते त्याला मिळालं. आजवर तुझ्याविषयी कानांनी ऐकलं होतं, आता डोळ्यांनी पाहिलं, असं तो म्हणतो (ईयोब ४२:५).

मग कारण कळत नसताना देव चांगला आहे हे कशावरून म्हणायचं? ख्रिस्ती माणसाला ते आपल्या परिस्थितीवरून म्हणता येत नाही. परिस्थिती चांगली असतानाही तसं म्हणू नये, कारण मग ती फिरली की देवही फिरल्यासारखा वाटतो. ते म्हणायचं ते वधस्तंभाकडे पाहून. देवाचा पुत्र यरुशलेमेच्या वेशीबाहेर, त्याची आई बघत असताना, तहानेने व्याकूळ होऊन मेला. शुक्रवारी संध्याकाळी शिष्यांपैकी एकालाही त्यात काही चांगलं दिसलं नसणार. तिसऱ्या दिवशी तो उठला, आणि उठलेल्या शरीरावर खिळ्यांचे व्रण तसेच होते. थोमाला त्याने तेच दाखवले (योहान २०:२७). आपला देव दुःखाच्या बाहेर उभा राहून सल्ला देणारा नाही, एवढं मला यावरून ठामपणे म्हणता येतं. बाकी पुष्कळ गोष्टी मलाही कळत नाहीत.

ही माझ्या पापाची शिक्षा आहे का?

येशूलाच हा प्रश्न दोनदा आला. योहान ९ मध्ये जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात: पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापाने? येशू दोन्ही नाकारतो. लूक १३ मध्ये शिलोहातला बुरूज कोसळून अठरा जण ठार झाल्याची गोष्ट आहे. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का, असं विचारून येशू स्वतःच "नाही" म्हणतो.

आपल्याकडे हा हिशेब रक्तात भिनलेला आहे. मागच्या जन्मीचं असेल, कोणाचे तळतळाट असतील, नवस राहिला असेल. बाप्तिस्मा झाला म्हणून तो हिशेब एका रात्रीत जात नाही. फक्त शब्द बदलतात: उपवास मोडला म्हणून, दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) दिला नाही म्हणून, मुलीने मंडळीबाहेर लग्न केलं म्हणून. कर्करोग हा दशांशाच्या थकबाकीची वसुली नव्हे.

हातून खरंच काही घडलं असेल, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवली, कोणाचे पैसे बुडवले, तर त्याचे परिणाम होतात आणि पश्चात्तापाला जागा आहे. पण तेव्हाही काय चुकलं ते आपल्याला स्पष्ट माहीत असतं. कारण सापडत नाही म्हणून अंधारात चाचपडत एखादं पाप शोधून काढायची गरज नाही.

मी देवावर रागावलोय. भांडतोय. हे पाप आहे का?

स्तोत्रसंहिता उघडा. दीडशे स्तोत्रांत आक्रोशाची स्तोत्रं ढीगभर आहेत. १३वं स्तोत्र "कोठवर?" या प्रश्नाने सुरू होतं आणि तो प्रश्न पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा येतो. ४४वं स्तोत्र देवाला "झोपलास का, जागा हो" असं म्हणतं. विलापगीत हे अख्खं पुस्तक उद्ध्वस्त शहरात बसून रडण्याचं आहे. आणि ८८वं स्तोत्र तर एकाही आशेच्या ओळीवर संपत नाही. ते अंधारात संपतं, शेवटी "तरीही" नाही की "आमेन" नाही. ते पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं, त्याला चाल लावली गेली, ते मंदिरात गायलं गेलं. हे लक्षात आलं तेव्हा माझ्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं.

वधस्तंभावर येशूने जे म्हटलं तेही स्तोत्रातलंच: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" (मत्तय २७:४६, स्तोत्र २२:१).

देवाला पाठ फिरवून दुसऱ्यापाशी कुरकुर करणं आणि देवाच्या तोंडावर आपलं गाऱ्हाणं घालणं यांत फरक आहे. भांडणारा माणूस अजून त्याच घरात असतो. ईयोबाने देवाला काय काय ऐकवलं ते वाचून अंगावर काटा येतो. पण शेवटी परमेश्वराचा कोप भडकतो तो त्याच्या धार्मिक मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असं तो त्यांना सांगतो (ईयोब ४२:७). म्हणजे देवाची बाजू घेऊन खोटं बोलणाऱ्यांपेक्षा देवाशी खरं बोलणारा देवाला जवळचा वाटला.

आपल्या मंडळ्यांत साक्ष द्यायला उभं राहिलं की गोष्ट सुखान्त असावी लागते, ही मला आपली मोठी उणीव वाटते. "प्रभूने बरं केलं" याला टाळ्या मिळतात. "अजून बरं झालेलं नाही, रोज रडू येतं, तरी आले आहे" असं म्हणणाऱ्या बहिणीलाही तोच माइक द्यायला हवा.

"सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात" म्हणजे जे घडलं ते चांगलंच घडलं का?

नाही. रोम ८:२८ हे वचन जखमेवर मीठ चोळायला सगळ्यात जास्त वापरलं जातं. पौल असं म्हणत नाही की प्रत्येक गोष्ट चांगली आहे. त्याच अध्यायात तो सृष्टीच्या कण्हण्याबद्दल बोलतो, क्लेश, उपासमार, नग्नता, तरवार यांची नावं घेतो. तरवार ही चांगली गोष्ट आहे असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. देव या सगळ्याला धरून आपलं कल्याण घडवतो असं तो म्हणतो, आणि ते कल्याण काय तेही पुढच्याच ओवीत सांगतो: पुत्राच्या प्रतिरूपासारखं होणं. त्यात बढतीची, फ्लॅटची, व्हिसाची गोष्ट नाही.

योसेफाचं बघा. भावांनी खड्ड्यात टाकलं, विकलं. पोटीफराच्या बायकोने खोटा आळ घेतला, तुरुंगवास झाला. ज्याला स्वप्नाचा अर्थ सांगितला तो प्यालेबरदार सुटल्यावर त्याला विसरून गेला. पुढे दोन वर्षं उलटली. पुष्कळ वर्षांनी तो भावांना म्हणतो की तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने त्यातून चांगलं योजलं (उत्पत्ती ५०:२०). तो "वाईट" हा शब्द गाळत नाही. भावांचं कृत्य त्याच्या तोंडीही वाईटच राहतं. आणि हे वाक्य तो स्वतः, सगळं पार पडल्यावर बोलतो. तो खड्ड्यात असताना वरून वाकून कोणी त्याला हे ऐकवलेलं नाही. शोकात बसलेल्या घरी रोम ८:२८ वाचण्याआधी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

भिंतीवरच्या कॅलेंडरावर यिर्मया २९:११ आहे. हिताच्या योजना आहेत, मग माझ्या कुठे गेल्या?

त्याच्या आधीची ओवी वाचा. हे यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात बंदिवान करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. बाबेलात सत्तर वर्षं काढल्यावर मी तुम्हाला परत आणीन, असं तिथे आहे. पत्र वाचणाऱ्यांपैकी वयात आलेल्या बहुतेकांचे डोळे परमुलखातच मिटणार होते. त्यांना सांगितलं गेलं की तिथेच घरं बांधा, बागा लावा, लेकराबाळांची लग्नं करा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. योजना खरीच होती, पण ती त्यांच्या नातवंडांपर्यंत पोचणारी होती.

आम्ही उपवास केला, तेल लावून प्रार्थना केली, तरी तो बरा झाला नाही. आमचा विश्वास कमी पडला का?

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, हा प्रश्न घराघरात होता. व्हॉट्सअॅपवर प्रार्थनासाखळ्या चालू होत्या, चोवीस तास कोणी ना कोणी गुडघ्यांवर होतं, आणि तरीही माणसं गेली. दफनाला चारच जण, तेही प्लास्टिकच्या किटमध्ये. काही घरांत नंतर कोणीतरी म्हणालं की खरा विश्वास असता तर ऑक्सिजन उतरला नसता. हे वाक्य मी कधीही माफ करू शकलो नाही, आणि ते शास्त्राला धरूनही नाही.

प्रेषितांची कृत्ये १२ मध्ये हेरोद याकोबाला तरवारीने मारतो. त्याच अध्यायात पेत्राला देवदूत तुरुंगातून सोडवतो. याकोबासाठी मंडळीने कमी प्रार्थना केली असं लूक लिहीत नाही. पेत्र दाराशी येऊन उभा राहिला तेव्हा तर प्रार्थना करणाऱ्यांचाच विश्वास बसत नव्हता. निरोप आणणाऱ्या रुदा नावाच्या मुलीला त्यांनी वेडी ठरवलं. म्हणजे सुटकाही त्यांच्या भक्कम विश्वासाच्या बळावर झालेली नव्हती. पौलाच्या हातून पुष्कळ लोक बरे झाले, पण त्रफिमाला त्याने मिलेतात आजारीच सोडलं (२ तीमथ्य ४:२०), आणि तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी त्याने तीनदा विनवणी केली. उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे", आणि काटा तसाच राहिला (२ करिंथ १२).

याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडीलजनांना बोलावून आजाऱ्याला तेल लावायला सांगितलं आहे. ते जरूर करा, आम्हीही करतो. पण प्रार्थनेनंतर गोळ्या बंद करा, इन्सुलिन सोडा, केमोला जाऊ नका असं कोणी सांगितलं, मग तो कितीही मोठा सेवक असो, तर त्याचं ऐकू नका.

प्रार्थना करवतच नाही. शब्द सुचत नाहीत. मग?

मग नका करू, काही दिवस. दुसऱ्यांना करू द्या. मार्क २ मधल्या पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, छत उकरून खाली सोडलं, आणि येशूने "त्यांचा विश्वास पाहून" त्याला क्षमा केली. खाटेवरचा माणूस तोवर एक शब्दही बोललेला नाही. रोम ८:२६ तर सांगतं की आपल्याला मागता येत नाही तिथे पवित्र आत्माच कण्हत मध्यस्थी करतो.

दुसरा उपाय म्हणजे उसने शब्द. एखादं स्तोत्र मोठ्याने वाचा. प्रभूची प्रार्थना म्हणा, अर्थ मनात उतरला नाही तरी म्हणा. आजीच्या वेळचं एखादं भजन गुणगुणा. दुःखात नव्याने शब्द जुळवायची ताकद नसते, अशा वेळी पाठांतर कामाला येतं.

आमचं बाळ जन्माआधीच गेलं. लोक म्हणतात, "पुन्हा होईल." आम्ही कोणाला सांगावं?

या दुःखाला मंडळीत फारशी जागा नसते. दफनविधी होत नाही, शोकसभा नाही, डबा घेऊन कोणी येत नाही. कपाटात वरच्या फळीवर लोकरीचे दोन मोजे आणि टोपडं तसंच असतं, आणि आठवडाभरात बाई पुन्हा कामावर जाते. सोनोग्राफीचा कागद कुठे ठेवावा हे तिला कळत नसतं, फाडवतही नाही. नवऱ्याला तर कोणी विचारतसुद्धा नाही. त्याने बायकोला सावरायचं एवढंच सगळ्यांना माहीत असतं.

तुमच्या पाळकांना सांगा आणि घरी येऊन छोटी उपासना घ्यायची विनंती करा. बाळाला नाव द्यावंसं वाटलं तर द्या. मेलेल्या लेकराबद्दल दावीद म्हणाला होता की मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही (२ शमुवेल १२:२३). त्या एका ओवीवर मोठा सिद्धान्त उभा करू नये. पण ज्या प्रभूने बालकांना जवळ घेऊन त्यांच्यावर हात ठेवले, त्याच्या हातात तुमचं लेकरू आहे असा भरवसा मी ठेवतो, आणि तुम्हीही ठेवावा असं मला मनापासून वाटतं. "पुन्हा होईल" म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायची गरज नाही. होईल किंवा होणार नाही, पण हे बाळ होतं.

नवरा मारतो. मंडळीत सांगतात, "हा तुझा वधस्तंभ आहे, वाहा." हे बरोबर आहे का?

अजिबात नाही. येशूने आपला वधस्तंभ उचलायला सांगितलं ते त्याच्यामागे चालण्यासाठी. दुसऱ्याच्या पापाला पांघरूण घालण्यासाठी सांगितलं नाही. स्वतः येशू नासरेथात लोक कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:२९-३०). पौलाला दिमिष्कात मारायला टपले होते तेव्हा तो पाटीत बसून तटावरून उतरला. जीव वाचवणं हा अविश्वास नव्हे.

मार खाणाऱ्या बाईने आधी सुरक्षित ठिकाणी जावं, मुलांना घेऊन. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. क्षमा, समेट, समुपदेशन हे सगळं नंतरचं, आणि त्यात घाई नको. जी मंडळी तिला त्याच खोलीत परत पाठवते ती देवाच्या चांगुलपणाबद्दल खोटी साक्ष देते.

नैराश्य आलं आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे देवावर भरवसा नसणं का?

एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून "परमेश्वरा, आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला (१ राजे १९). देवाने त्याला प्रवचन दिलं नाही. दूत आला, भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलं, त्याने खाल्लं आणि झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. झोप, अन्न, औषध, तज्ज्ञ या सगळ्यांतून देव सांभाळतो. जीव नकोसा वाटत असेल तर आजच जवळच्या कोणाला सांगा आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो केंद्र सरकारचा मोफत क्रमांक आहे, चोवीस तास चालू असतो.

इतकं सोसूनही कोणी खरंच भरवसा ठेवला आहे का? आपल्याकडचं उदाहरण सांगाल?

पंडिता रमाबाईंचं सांगतो. केडगावच्या मुक्ती मिशनमुळे त्यांचं नाव आपल्याला माहीत असतं, पण त्यांच्या आयुष्यातली मरणं आपण ओळीने मांडून बघत नाही.

जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत भटकत राहिलं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास अनवाणी देशभर चालले. १८८० मध्ये तो भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, पुढच्या वर्षी मनोरमा जन्मली, आणि १८८२ मध्ये पटकीने पती गेले. वय चोविसाच्या आत, कडेवर तान्ही मुलगी. इथपर्यंत त्या ख्रिस्ती झालेल्याही नव्हत्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

त्यानंतर वाट सोपी झाली का? १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. मुली ख्रिस्ती होत आहेत यावरून गदारोळ उठला, लोकांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो उपाशी मुली आणल्या. उपासमार काय असते ते त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. लगोलग पुण्यात प्लेग आला. प्लेगच्या दवाखान्यात मुलींची आबाळ झाली तेव्हा त्या "प्रभूची इच्छा" म्हणून गप्प राहिल्या नाहीत, त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून सरकारला जाब विचारला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. देवावर भरवसा असलेली ही बाई माणसांच्या हलगर्जीपणाला देवाच्या खात्यावर टाकत नव्हती.

आणि मग १९२१. मनोरमा चाळीस वर्षांची होती. आईच्या कामाचा भार तिच्याच खांद्यावर जाणार असं सगळे धरून चालले होते. जुलैमध्ये ती गेली. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा यांच्यानंतर आता एकुलती एक लेक. रमाबाई तेव्हा मूळ इब्री आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. साध्या बायकांना वाचता यावं म्हणून ते काम वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि छपाईही मुक्तीच्याच छापखान्यात, मुलींच्या हातांनी. लेक गेल्यावरही ते काम त्यांनी चालू ठेवलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

त्यांना कारण कळलं होतं असं कुठेही दिसत नाही. ज्या हातांनी लेकीला माती दिली त्याच हातांनी त्या देवाचं वचन लिहीत होत्या. भरवसा कसा दिसतो असं कोणी मला विचारलं तर मी केडगावच्या त्या शेवटच्या आठ-नऊ महिन्यांकडे बोट दाखवतो.

घरचे म्हणतात, "देव सोडलास, म्हणून हे भोग." त्यांना काय उत्तर देऊ?

वाद घालू नका. ते बोलणं बरेचदा रागाइतकंच भीतीतून येतं. तुमच्यावर संकट आल्याने त्यांचाही थरकाप झालेला असतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई आणि ते काही वर्षं दुरावले. दोघांच्या मनाचे हाल झाले. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला, आणि तो वादात हरल्यामुळे घेतला नव्हता. तुमच्या घरी तसं होईलच असं नाही. आईबापांची सेवा करत राहा, सणावाराला जाऊन बसा, त्यांच्या दुखण्याखुपण्यात पहिले तुम्ही पोचा.

शोकात असलेल्या घरी गेल्यावर काय बोलावं?

हा प्रश्न विचारणारे कमी असतात, खरं तर सगळ्यांनी विचारायला हवा.

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता (ईयोब २:१३). तेवढे सात दिवस ते उत्तम मित्र होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. मार्था आणि मरीया यांचा भाऊ लाजर मेला तेव्हा मार्थेला येशूने पुनरुत्थानाबद्दल सांगितलं, मरीयेबरोबर मात्र तो रडला. चार पावलांवर असलेल्या कबरेतून त्याला आपण उठवणार आहोत हे माहीत असूनही रडला. दोघी बहिणी, दोघींना वेगळी गरज. म्हणून आत शिरल्या शिरल्या आधी बघा, समोर मार्था आहे की मरीया.

तुम्हाला कसं वाटतंय ते समजतं, असं म्हणू नका, कारण समजत नाही. "काही लागलं तर सांगा" हेही टाळा, कोणी सांगत नाही. त्यापेक्षा एखादं काम उचला: "मंगळवारी मुलांना शाळेत मी सोडतो." नगरपालिकेतून मृत्यूचा दाखला आणायचा असतो, आणि त्याच्या एका प्रतीने भागत नाही. बँक, विमा, पेन्शन, रेशनकार्ड प्रत्येकाला वेगळी लागते. ज्या बाईने कधी बँकेचा फॉर्म भरलेला नाही तिच्याबरोबर रांगेत उभं राहणं ही सेवा आहे. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. त्याची एखादी आठवण असेल तर सांगा, रडू आलं तर येऊ द्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तीन महिन्यांनी पुन्हा जा. तोवर गर्दी ओसरलेली असते आणि पहिला नाताळ समोर असतो.

मला पुन्हा हसू येतं, आणि मग अपराधी वाटतं.

हसा. तुम्ही हसल्याने गेलेल्या माणसावरचं प्रेम कमी होत नाही.

कुठून वाचायला सुरुवात करू?

सुरुवातीला फार नको. स्तोत्र १३ घ्या, सहाच ओव्या आहेत. मग ४२ आणि ४३ एकत्र वाचा. स्वतःच्याच जिवाला "तू का खिन्न झालास?" असं विचारणारा माणूस तिथे भेटतो. मग ७७, ज्यात झोप न लागणारा माणूस जुने दिवस आठवत पडला आहे. योहान ११ सावकाश वाचा, प्रसंगाप्रसंगाला थांबत. विलापगीताचा तिसरा अध्याय त्यानंतर. तो पहिल्या ओवीपासूनच वाचा, फक्त मधलं "त्याची करुणा रोज सकाळी नवी होते" एवढंच उचलू नका, कारण त्याआधीचं सगळं कडू तोंडात घोळल्यावरच लिहिणारा तिथवर पोचला आहे. हबक्कूक तीनच अध्यायांचं आहे. अंजिराला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत अशा वेळचं त्यातलं शेवटचं गाणं दुष्काळ पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ईयोब मात्र सलग वाचू नका, दिवसाला एक अध्याय पुरे. आणि ८८वं स्तोत्र वाचाल तेव्हा कोणालातरी सोबत घ्या, आणि दिवसाउजेडी वाचा.